राणी कलरची गादी

रुपाली : स्टूल धरा काका, वर बघू नका. तुम्ही वर बघितलं की स्टूल हलतं.

धुडकू : धरलंय. पिल्लू अजून लटकतंय का?

रुपाली : लटकतंय. सकाळपासून असंच आहे?

धुडकू : चहा पिताना दिसलं. मला वाटलं, उडायला शिकतंय. दुपारी जेवून बघितलं तरी तिथंच. म्हटलं, इतका वेळ कोणी शिकत नाही. म्हणून तुला फोन केला. रविवारी तुझं मार्केट बंद असतं ना.

रुपाली : एक पाय आतमध्ये अडकलाय. थांबा, खोक्याचं झाकण उघडते. पिल्लाला हातावर घेते, म्हणजे ओढ बसणार नाही. काका, ह्यात हे काय भरलंय?

धुडकू : काय म्हणजे? गादी.

रुपाली : कसली गादी?

धुडकू : धाग्याची. उधन्याला आमच्या लूमच्या कारखान्यात बॉबीनवर शेवटचा धागा उरतो, तो वेस्टमध्ये टाकतात. चांगला मऊ असतो. हात लावून बघ.

रुपाली : हा पॉलिस्टर आहे.

धुडकू : मग सुरतमध्ये दुसरं काय मिळणार?

रुपाली : आमच्या ग्रुपनं चिमण्यांसाठी ही चकलीघरं वाटली तेव्हा मी सांगितलं होतं ना? टांगायचं आणि विसरून जायचं. आत काही घालायचं नाही.

धुडकू : सांगितलं होतंस. मी ऐकलंही होतं.

रुपाली : मग?

धुडकू : पटलं नाही. बाळंतीण येणार, अंडी घालणार, आणि खाली नुसतं प्लायवूड? आमचा छगनशेठ खोली भाड्यानं देतो, तोसुद्धा एक पंखा लावून देतो. आणि त्याच्यापेक्षा कंजूष माणूस बमरोलीत सापडायचा नाही.

रुपाली : काका, चिमणी तिचं तिचं सगळं आणते. गवत, काड्या, पिसं. गवताचं काय आहे, पिल्लू वळवळलं की ते तुटून जातं. हा धागा तुटत नाही. पायाला फिरतो, पाय दिवसेंदिवस वाढतो, धागा तेवढाच राहतो. मग तो मांसात घुसतो.

धुडकू : तुटत नाही हे खरं. तुटला की लूम बंद पडतो. तुटू नये म्हणून तर तसा बनवतात.

रुपाली : खाली एक मेलेलंपण आहे.

धुडकू : ह्याच धाग्यानं?

रुपाली : ह्याच धाग्यानं. गळ्याला आहे.

धुडकू : बरं.

रुपाली : चाळीत बाकीची खोकी तुम्हीच टांगलीत ना? त्यांच्यातपण ही गादी आहे?

धुडकू : सगळ्यांत. मगनच्या दुकानावर आहे, इंदुबाईच्या खिडकीला आहे, पाण्याच्या टाकीशी आहे. एकेकाच्या दारात उभा राहून भाषण दिलं मी. म्हटलं, बाकीचे नुसतं खोकं देतात, आपण फर्निचरसकट देतो. पोरं मला चकलीकाका म्हणायला लागली. गावाहून साडू आला होता, तो विचारतो, लूम सोडून फराळाचा धंदा टाकला का? गुजरातीत चिमणीला चकली म्हणतात हे त्याला काय ठाऊक.

रुपाली : सगळी उघडावी लागतील. आजच.

धुडकू : उघडू. पण एक काम कर. तुझ्या मावशीला सांगू नको.

रुपाली : काय नको सांगू?

धुडकू : धाग्याचं. मांजर आलं होतं म्हण. नाहीतर उंदीर म्हण.

रुपाली : चूक तुमची, आणि मावशीपासून लपवायचं काय?

धुडकू : धागा मी आणायचो. गाद्या तिनं केल्यात. तळहातावर एकेक गोल फिरवून, मधे अंगठ्यानं खळगा करून. रंगसुद्धा तीच निवडायची. पांढरा नको म्हणे, पांढरा अशुभ. हा राणी कलर तिचा. आपल्या दारातल्या चिमणीला राणी कलर.

रुपाली : मावशीला समजावून सांगितलं तर कळेल की.

धुडकू : कळेल. कळतं तिला सगळं, तेच तर. आमचा विकास पलसाण्याला डाइंग मिलमध्ये आहे, तिकडेच राहतो, तुला माहीतच आहे. सुनेला, ज्योतीला, दिवस गेले तेव्हा हिनं गोधडी शिवायला घेतली. आमच्या खानदेशात बाळाला पहिलं अंथरूण नवं घालत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची जुनी लुगडी, धोतरं, वापरून वापरून मऊ झालेली. त्या माणसांचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात. माझ्या आईचं लुगडं होतं त्यात. ही दिवसभर धागा कटिंगच्या साड्या करायची, लटकते धागे कापत बसायची, आणि दुपारी जरा आडवं व्हायच्या वेळेला गोधडी.

रुपाली : छान असेल मग.

धुडकू : छानच होती. बारशाला दिली. पुढच्या खेपेला विकास आला तर पिशवीत घालून परत घेऊन आला. बाळाला गरम होतं म्हणे. ज्योतीनं धुऊन, घडी करून पाठवली. वाईट काही बोलली नाही पोरगी. हीपण काही बोलली नाही. गोधडी पेटीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, कारखान्यातून मऊ धागा आणा.

रुपाली : काका.

धुडकू : म्हणून म्हणतो, मांजर म्हण.

वत्सला : अहो! ऐकतस का? केरसुणीन्या काड्या परत कमी व्हई ग्यात. मी आज परत तिले बोलणारच शे. ती इंदुबाईच शे. गॅसनं बर्नर साफ कराले तिले मन्हीच केरसुणी दिसस. अगं रुपाली! तू कधी आलीस? आणि स्टुलावर काय करतेस, चहा तरी घेतलास का?

रुपाली : चहा नंतर मावशी. बारीक कातर आहे का घरात?

धुडकू : तिचं कटर आहे, पण ते ती कोणाला देत नाही. मला नख कापायला दिलं नाही कधी.

वत्सला : नखं कापायचं कटर आहे का ते? धार जाते. साडीचा लटकता धागा कापताना खालचं कापड कापलं गेलं, तर त्या साडीचे पैसे माझ्या अंगावर पडतात. कशाला पाहिजे कटर?

रुपाली : पिल्लाच्या पायाला जरा गुंतलंय.

वत्सला : काय गुंतलंय?

धुडकू : मांजर.

वत्सला : मांजर गुंतनं पायाले?

धुडकू : नही, म्हणजे मांजर उनं व्हतं. त्यानी ओढं, आणि मंग ते... रुपाली, तू सांग.

रुपाली : मला नाही येत असं सांगायला.

वत्सला : व्हा बाजूला. खोक्यासकट खाली घे गं ते पिल्लू, मला दिसू दे. अगं माय, केवढंसं आहे. तोंड तेवढं आहे नुसतं. पाय का असा काळा?

रुपाली : रक्त जात नाही पायात.

वत्सला : हा राणी कलर आहे.

धुडकू : राणी कलर काय, कुठंही मिळतो. अर्धं सुरत राणी कलरचं शे.

वत्सला : तुम्ही उगे राहा. हा माझा आहे. दोन धागे मीच एकत्र पीळ देऊन घेतले होते, सुटू नये म्हणून. रुपाली, हे माझ्या गादीनं झालं का?

रुपाली : हो मावशी.

वत्सला : एकच आहे का आत?

रुपाली : दोन होती. एक गेलं.

वत्सला : माले काबरं नही सांगं?

धुडकू : आत्तेच समजनं. तू आत व्हती.

वत्सला : आणि म्हणून मांजर उनं.

धुडकू : तुले वाईट वाटी म्हणून.

वत्सला : मंग वाटू द्या ना. वाईट वाटनं ते मनं मी देखी लेसू. पिल्लू मरनं ते कोण देखी? रुपाली, थांब. चष्मा आणि कटर घेऊन येते.

धुडकू : बघ. म्हटलं होतं सांगू नको.

रुपाली : मी सांगितलंच नाही. त्यांनी ओळखला धागा.

धुडकू : ओळखणारच. पूर्ण आयुष्य धागेच बघितले तिनं.

वत्सला : सरका. अहो, तुम्ही उजेडात उभे राहू नका. रुपाली, कसं धरतेस?

रुपाली : रुमालात गुंडाळते. डोकं झाकलं की शांत राहतं. असं. फक्त पाय बाहेर. दाबायचं नाही.

वत्सला : एक विचारते. माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लाला परत घेत नाही म्हणतात. आम्ही लहान असताना घरट्याखाली गेलो तरी आजी ओरडायची. आता तूही हात लावलास, मीही लावते आहे. हिची आई घेईल का हिला?

रुपाली : घेते. ते खरं नाही मावशी. वासानं सोडून देत नाही ती. आपण जवळ उभे राहिलो तर येत नाही, एवढंच.

वत्सला : खात्रीनं सांगतेस?

रुपाली : आमच्या ग्रुपमधले डॉक्टर सांगतात.

वत्सला : डॉक्टर चिमणी नाही.

रुपाली : तेही खरं आहे.

वत्सला : कुठं कापू? इथं मांस फुगलंय, धागा दिसतच नाही.

रुपाली : तिथं नको. मागच्या बाजूनं, टाचेजवळ जरा ढिला आहे. टोक खाली घालून, वर उचलून कापा. पायापासून लांब.

वत्सला : हं. एक सुटला. दुसरा खाली आहे. हलवू नको गं. बाळा, हलू नकोस, झालंच. अहो, श्वास जोरात घेऊ नका.

धुडकू : मी घेतच नही.

वत्सला : सुटला. अजून एक बोटाला आहे. हे बोट काळं पडलंय रुपाली.

रुपाली : ते बोट गळून पडेल बहुतेक. पाय राहील. शहरात एकेक बोट गेलेल्या चिमण्या पुष्कळ दिसतात, जगतात त्या. आपण बघत नाही म्हणून कळत नाही.

वत्सला : म्हणजे माझ्यामुळे एका बोटानं लंगडी राहील.

रुपाली : राहील.

धुडकू : अगं, थोडं गोड तरी बोलायचंस.

वत्सला : बोलू द्या तिला. मला मांजर ऐकण्यापेक्षा हे बरं. मेलेलं कुठं आहे?

रुपाली : माझ्याकडे कागदात आहे.

वत्सला : तुळशीत नको पुरूस. तिकडं टाकीच्या मागं मोकळी माती आहे, तिथं ठेव. आता आतली गादी काढ, सगळी काढ. मी बघते, एक धागापण राहता कामा नये. हे काय, तूस राहिलंय.

रुपाली : आता पिल्लाखाली काहीतरी पाहिजे, नुसत्या लाकडावर पाय घसरतील. चिमणीनं आणलेलं गवत आहे गादीच्या बाजूला दाबलेलं. तेच परत घालते.

वत्सला : तिनं आणलं होतं?

रुपाली : हो. कोपऱ्यात केलंय बघा. तुमच्या गादीवर बसायचं सोडून बाजूला स्वतःचं करायला बघत होती.

वत्सला : बरं. घाल तेच. आणि झाकण लावून खोकं परत टांग. किती वेळ थांबायचं?

रुपाली : आता आपण आत जाऊया. इथं उभं राहिलो तर ती येणार नाही.

(तिघं खोलीत येऊन बसतात. दार अर्धं लोटलेलं.)

धुडकू : चहा तरी करा आता कोणीतरी.

वत्सला : तुम्ही करा. मी दाराशी बसलेय.

धुडकू : वत्सला, ऐक. ज्योतीनी गोधडी परत धाडी म्हणून तू मनमा...

वत्सला : ज्योतीनं नाव काबरं काढतस? तिनी काय करं?

धुडकू : काहीच नही करं. मी तं म्हणस, तिले समजनं नही.

वत्सला : तिनी गोधडी मांगी व्हती का?

धुडकू : कोणी?

वत्सला : ज्योतीनी. तुम्हीच सांगा. डोहाळजेवणले, दवाखानामा, फोनवर, कव्हय तरी मांगी व्हती का?

धुडकू : नही. मांगी नव्हती.

वत्सला : चिमणीनी बी मांगी नव्हती.

धुडकू : मंग काय व्हयनं? आपण काय मांगाशिवाय देतस नही का? तू माले कव्हयपासून मांगाशिवाय कितलं देल शे.

वत्सला : तुमनं येगळं शे. तुम्ही गुंतनात तरी बोंब मारतस.

रुपाली : मावशी, हळू. ती वायरवर बसलीय.

वत्सला : कुठं?

रुपाली : त्या बोर्डाच्या वर. मान हलवतेय. तोंडात काहीतरी आहे.

वत्सला : अळी आहे. जात का नाही मग? ती बघतेय, नवीन काय झालं म्हणून. जा बाई. काही नाही तिथं. काढून टाकलं सगळं.

धुडकू : तुझं ऐकू येतंय का तिला?

वत्सला : तुम्हाला लूमच्या आवाजानं ऐकू येत नाही, तिला येतं. जा. उडाली! परत गेली वायरवर. रुपाली, वास आला असेल. हाताचा वास. मी दुपारी लसूण सोलला होता.

रुपाली : थांबा जरा.

वत्सला : नाहीच घेतलं तर?

रुपाली : तर मी घरी नेईन. भरवावं लागतं, दर थोड्या वेळानं. पण आईसारखं होत नाही ते. जगतातच असं नाही.

वत्सला : मी भरवीन.

धुडकू : वत्सला, आधी बघू तरी दे.

वत्सला : अहो. गेली. आत गेली. डोकं घातलं, शेपटी बाहेर. भरवतेय का? रुपाली, आवाज येतोय ना? तेच ओरडतंय ना?

रुपाली : तेच. घेतलं तिनं.

वत्सला : लसणासकट घेतलं.

धुडकू : रडस काबरं आते? घिदं ना तिनी.

वत्सला : घिदं म्हणूनच. चहाकडे देखा, उतू जाई.

रुपाली : मावशी, तिकडे बघा. भिंतीशी केरसुणी उभी आहे ना, तिच्यावर.

वत्सला : दुसरी आली का?

रुपाली : नर आहे. गळ्याखाली काळं दिसतंय ना, तो नर. काय करतोय बघा.

वत्सला : काडी ओढतोय. अरे, माझ्या केरसुणीची काडी ओढतोय! पाय लावून ओढतोय मेला. घेऊन गेला! कुठं नेली?

रुपाली : टाकीकडच्या खोक्यात. ते अजून नवीन आहे, ह्या जोडीचं नाही, दुसऱ्या जोडीचं. घर करतायत. गादीच्या वरून काड्या रचतायत.

वत्सला : म्हणजे होळीपासून काड्या जातायत त्या...

रुपाली : हेच नेतात.

धुडकू : आणि तू इंदुबाईशी बोलणं टाकलंस.

वत्सला : तुम्ही हसू नका. मी तिच्या तोंडावर म्हटलं होतं, बाई, एक केरसुणी विकत घ्यायला काय सोनं लागतं का?

धुडकू : तिच्या खिडकीलापण खोकं आहे. आता तिच्याच घरात स्टूल घेऊन शिरायचं आहे. मी नाही येत. मी कोणत्या तोंडानं जाऊ? खोकं टांगताना तिला तासभर समजावलं, तुमच्या दारात जीव येतोय, नशीब लागतं. आता सांगू, त्या जिवाच्या गळ्यात आमचा फास आहे?

रुपाली : सांगावंच लागेल काका. तिथं अंडी असतील तर आपण काहीच हलवायचं नाही, फक्त सुटे धागे वरच्या वर कापायचे. पिल्लं असतील तर आजच काढायची गादी. पण उघडल्याशिवाय कळणार नाही.

धुडकू : लोक हसतील. चकलीकाकानं चिमण्या मारल्या म्हणतील.

वत्सला : हसू देत. एक मेलीच आहे. हसून अजून मरणार नाहीत. आणि तुम्ही कशाला सांगताय? गादी माझी, मी सांगते. पहिल्यांदा इंदुबाईकडे.

धुडकू : तू? तिच्याकडे?

वत्सला : तिला आधी केरसुणीचं सांगते, म्हणजे ती मला दारात घेईल. मग गादीचं. रुपाली, तू स्टूल घे. पिल्लू तू धरायचंस, मी कापीन. पुढच्या वेळी हे सगळं आधी सांगत जा गं.

रुपाली : सांगितलं होतं मावशी.

वत्सला : ह्यांना सांगितलं होतंस. ह्यांना सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. मला सांगायचंस. आता मगनच्या दुकानावरचं, टाकीचं, सगळ्यांचं मला एकदा नीट सांग. काय घालायचं आणि काय नाही घालायचं.

रुपाली : घालायचं काहीच नाही. वर्षातून एकदा, ते उडून गेले की, आतलं जुनं काढून साफ करायचं. पाणी ठेवायचं. बाकी नुसतं बघायचं.

वत्सला : नुसतं बघायचं?

रुपाली : तेच अवघड असतं, मावशी.

वत्सला : आता कळलं. चल, तू हो पुढं. जिन्यात अंधार होईल, मोबाईलची बत्ती घे. अहो, उठा. चहा परत आल्यावर प्या.

धुडकू : आलो. दिवा लावाना टाईम झाया बरं. तू जाय, मी केरसुणी आत ठेवस आणि येस.

वत्सला : राहू द्या ती तठेच.

धुडकू : बाहेर? लक्ष्मी शे म्हणस ना तू? दिवा लागा की केरसुणी बाहेर ठेवतस नही. इतला वर्षमा एक दिवस ठेवू दी नही तू.

वत्सला : ठेवतस नही. पण त्या चिमण्या सकायले लवकर उठतस.